स्टॉकहोमचे 'वासा' आणि आमच्या ओटीवरचे

आमच्या ओटीवर पंखा लावीत नाहीत. आल्यागेल्यास नवल वाटते. परंतु तेथे खिडकीखालच्या टेबलावर गेली तीन वर्षे एक जहाज बांधले जात आहे, आणि वाऱ्याने त्याचे दोरे उडाले की आमच्या नानाकाकांची सारी सकाळ शोधण्यात जाते. नानाकाका बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. आमचे चिरंजीव स्टॉकहोमला नोकरीस आहेत. त्यांनी तेथील जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून घेऊन हे खोके आजोबांस पाठविले. आत 'वासा' नावाच्या स्वीडिश युद्धनौकेची १:७५ प्रमाणाची लाकडी प्रतिकृती होती, अर्थात सुटी.

एक कणा, त्याच्या खाचांत बसवावयाच्या फासळ्या, आणि शेवयांसारख्या शेकडो पट्ट्या. पट्टी पाण्यात भिजवावी, फासळ्यांच्या बाकाप्रमाणे वळवून टाचणीने धरावी, सरस वाळू द्यावा, मग पुढची. डावीकडे एक लावली की उजवीकडे एक लावलीच पाहिजे. एकाच अंगाने लावीत गेल्यास सारे जहाज पिळवटते. काकूंच्या मते एवढ्या वेळात घराची कौले दोनदा शाकारून झाली असती. पुढे काकांचा हात कापू लागला, तेव्हा दोर ओवण्याचे काम माझ्याकडे आले. रंगाला मात्र त्यांनी दुसऱ्यास हात लावू दिला नाही. खोक्यावरच्या चित्रात सोनेरी नक्षीमागे निळी भूमी होती. ती त्यांनी दोन महिने खपून, उजव्या हाताचे मनगट डाव्या हाताने धरून रंगविली.

गेल्या ज्येष्ठात आम्ही उभयता चिरंजीवांकडे गेलो. निघताना काकांनी मला वही दिली व म्हणाले, "खऱ्या जहाजाचे सगळे नीट पाहून ये. तोफा, दोर, रंग."

स्टॉकहोम हे बेटांवर वसलेले शहर. नावेतून आपण यूरगॉर्डेन बेटावर उतरतो. तेथे १९९० साली उघडलेल्या संग्रहालयाच्या अंधुक दालनात, लाकडास उजेड बाधू नये म्हणून ठेवलेल्या त्या मंद प्रकाशात, 'वासा' उभी आहे. पुढच्या तिरप्या डोलकाठीसह लांबी सुमारे ६९ मीटर. आमच्या ओटीवरची जेमतेम दोन हात. मान वर करून पाहताना मला प्रथम आठवल्या त्या काकांच्या टाचण्या.

ही नौका १० ऑगस्ट १६२८ रोजी याच बंदरातून पहिल्या सफरीस निघाली आणि सुमारे १३०० मीटर जाऊन बुडाली. वाऱ्याच्या झोताने ती कलंडली व खालच्या मजल्यावरील तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले. तोफा ६४, त्यांचे दोन मजले, आणि त्या मानाने बूड अरुंद. तळाशी सुमारे १२० टन दगड भरले होते, ते पुरेना. आणखी भरावेत तर त्या खिडक्याच पाण्याशी टेकणार. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवरून या काठापासून त्या काठापर्यंत धावावयास लावून परीक्षा घेतली होती. तीन फेऱ्यांतच जहाज इतके हेलकावू लागले की परीक्षा थांबविली; प्रवास मात्र कोणी थांबविला नाही, कारण राजा गुस्ताव्ह अडॉल्फ यास जहाज लवकर हवे होते. पुढे चौकशी झाली, शिक्षा कोणासच नाही. मुख्य कारागीर आदल्या वर्षीच वारला होता. खात्यात आयुष्य काढलेल्या काकांस ही चौकशी पुष्कळ ओळखीची वाटली असती! जहाजात सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन बारा इंची स्वीडिश फुटाच्या, दोन अकरा इंची ॲम्स्टरडॅमच्या फुटाच्या. ही हकीकत मी आवर्जून वहीत उतरविली.

बाल्टिकच्या मचूळ पाण्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही, म्हणून ३३३ वर्षांनी, २४ एप्रिल १९६१ रोजी, नौका जवळजवळ सबंध वर आली. त्यानंतर लाकूड आकसून तडकू नये म्हणून सतरा वर्षे तिजवर औषधी द्रवाचे फवारे मारीत होते.

जहाजासमोरच त्याची १:१० प्रमाणाची रंगीत प्रतिकृती आहे. तिच्याजवळ गेलो आणि पाय थबकले. पिछाडीची सारी भूमी तांबडीलाल! पूर्वी ती निळी असावी असा समज होता. पुढे लाकडावर उरलेल्या रंगाच्या कणांची तपासणी झाली आणि तांबडी ठरली. आमचे खोके त्या जुन्या समजुतीचे. वहीत तोफा लिहिल्या, दोर लिहिले. रंगाची ओळ कोरी ठेवली.

घरी आल्यावर काकांनी चष्मा लावून वही तपासली. मोजपट्ट्यांपाशी हसले. कोऱ्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले. त्या बोटाचा कंप पाहून खोटे बोलावेसे वाटले. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांची मापे तपासली त्याच्यापुढे ते साधेना. मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. रात्री जेवणही थोडेच झाले. काकू मजवर रागावल्या, आणि त्यांचे चुकले असे मला अजून वाटत नाही.

सकाळी चहाच्या वेळी काकांनी माझ्या हातात पैसे ठेवून बाजारातून बारीक काचकागद व तांबडा रंग आणावयास सांगितले. सध्या घासण्याचे काम मी करतो. ते शेजारी खुर्चीत बसून असतात आणि माझा हात सोनेरी नक्षीच्या जवळ गेला की काठीने टेबलावर टकटक करतात.