साठ पौंड हवा

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. हा लेख वाचून कुणी होस्टेलच्या गच्चीवर बाटल्या उडवायला गेलं आणि वॉर्डन सरांनी पकडलं, तर माझं नाव सांगू नका. मी नाही म्हणेन. बाकी लेखात जे लिहिलंय ते सगळं खरं आहे, माझ्या बॅकसकट.

गोष्ट 2023 च्या दिवाळीची. मी पाचव्या सेमिस्टरला होतो आणि चौथ्या सेमिस्टरच्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये माझा बॅक लागला होता. ही बातमी आमच्या विंगमधल्या कुत्र्यालाही माहीत होती, फक्त अड्याळला माझ्या घरी माहीत नव्हती. निकाल लागला तेव्हा फोनवर बाबांनी विचारलं, "झालं का बरोबर?" मी म्हणालो, "हो, झालं." बस, एवढंच. खोटं बोलायला फार शब्द लागत नाहीत.

अड्याळ म्हणजे भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. रस्त्याच्या कडेला बाबांचं सायकल दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. पंक्चर, ब्रेक, चेन आणि हवा. दुकानाच्या मागे आमच्या दोन बांधी, त्यापलीकडे बोडी. दिवाळीत हलका धान कापून झालेला असतो, धुऱ्यावरून चालताना पायाला धसकटं टोचतात, आणि जिकडेतिकडे धानाची पुंजणी उभी असतात. मी बॅग घेऊन एसटीतून उतरलो तर लहान भाऊ समोर उभा. आठवीत होता तो. बॅग घ्यायच्या आधीच म्हणाला, "दादा, तू इंजिनियर होऊन रायला ना, मंग मले रॉकेट बनवून दे."

त्याच्या डोक्यात रॉकेट शिरलं होतं त्याला कारण चांद्रयान. 23 ऑगस्टच्या संध्याकाळी सगळं गाव मोबाइलभोवती जमलं होतं म्हणे. मी त्या वेळी मेसमध्ये होतो आणि मीही ओरडलो होतो, पण त्याच्यासारखे प्रश्न मला पडले नव्हते. त्याला पडले होते. एवढं मोठं रॉकेट गेलं, मग चंद्रावर एवढंसंच कसं पोचलं? प्रश्न बरोबर होता. 14 जुलैला श्रीहरिकोट्याहून निघालेलं एलव्हीएम-3 हे रॉकेट 640 टनांचं, साडेत्रेचाळीस मीटर उंच. त्याने नेलं किती? 3.9 टन. बाकी सगळं इंधन आणि ते इंधन ठेवायची भांडी. भांडं रिकामं झालं की ते ओझं होतं, म्हणून वाटेतच टाकून द्यायचं. टप्प्यांचं रॉकेट म्हणजे एवढंच. मी हे त्याला समजावून सांगितलं आणि तिथेच फसलो, कारण तो म्हणाला, "मंग आपलंबी दोन टप्प्याचं."

सामानाची अडचण नव्हती. आमच्या भागात भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि सकाळी मैदानभर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या. आम्ही दोघांनी पोतंभर गोळा केल्या. पुण्याच्या आयुकात अरविंद गुप्ता सरांनी टाकाऊ वस्तूंमधून विज्ञानाची खेळणी बनवायला शिकवलं, त्यांचे व्हिडिओ मी शाळेत असताना पाहिले होते. तेवढाच काय तो माझा अनुभव.

एका टप्प्याचं रॉकेट सोपं आहे. दोन लिटरची बाटली, तिच्यात एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. अर्धा इंची पीव्हीसी पाइप बाटलीच्या तोंडात जवळजवळ नेमका बसतो. पाइपभोवती केबल टाय बांधायचे, त्यांची डोकी बाटलीच्या गळ्याची कडा धरून ठेवतात, आणि वरून मोठ्या पाइपचा तुकडा कडं म्हणून चढवायचा. हवा भरून झाली की दोरीने कडं खाली ओढायचं, टाय सुटतात, बाटली जाते. बाबांच्या पंपाने आणि गाड्यांची हवा बघायच्या गेजने आम्ही साठ पौंड हवा भरली, म्हणजे आपल्या पुस्तकातले चार बार. दोरी ओढली. फस्स झालं, मी नखशिखान्त भिजलो, आणि वर बघतो तर बाटली टिकलीएवढी. पन्नास मीटरवर उभं राहून कोनमापकाने कोन मोजला, 47 अंश आला. उंची सुमारे 54 मीटर. भाऊ बांधीभर नाचला. मी मात्र तिथेच बसून पहिल्यांदाच मनापासून हिशोब केला.

बर्नोलीचं समीकरण मी पाठ केलं होतं. 1738 साली डॅनियल बर्नोलीने पुस्तक लिहिलं इथपासून ते सिद्धतेपर्यंत सगळं, आणि तरी नापास झालो होतो. आता तेच समीकरण धसकटांत बसून लावलं. चार बार दाबाला पाणी सेकंदाला 28 मीटर वेगाने बाहेर पडतं. बाटलीच्या तोंडाचा व्यास बावीस मिलिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे सेकंदाला दहा लिटर पाणी. आपल्याकडे होतं पाऊण लिटरपेक्षा कमी. म्हणजे सगळं इंजिन सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच आटपतं! पुढचं सगळं उड्डाण नुसत्या मिळालेल्या वेगावर. आणि जोर किती? तीस किलो वजनाएवढा, क्षणभर का होईना. त्या दिवशी कळलं की समीकरणाला बोट लावलं तर ते ओलं लागतं.

मग दुसरा टप्पा. आणि इथे मी चूक केली ती सांगायला आजही बरं वाटत नाही.

पंख घट्ट बसावेत म्हणून मी ग्लू गनने चिकटवले. गनचं गरम टोक बाटलीला लागलं की प्लास्टिक किंचित आक्रसतं आणि तिथे कमजोर होतं. मला ते दिसलं होतं. पांढरट डाग पडला होता. मी म्हणालो, चालतंय. साठ पौंडाला हवा पोचली आणि भाऊ वाकून बघत होता, कुठून फसफसतंय म्हणून. बाटली फुटली. आवाज असा झाला की बोडीतले बगळे उडाले. पंखाचा तुकडा त्याच्या भुवईच्या वर लागला. रक्त बघून माझे हातपाय गार पडले. तीन टाके पडले. अर्धा इंच खाली लागलं असतं तर, हे वाक्य मी अजून पूर्ण करू शकत नाही.

आईला आम्ही सांगितलं, धुऱ्यावरून घसरून पडला. भावानेच आधी सांगितलं, मला वाचवायला. आणि मी मान हलवली. फोनवर हलवली होती तशीच.

संध्याकाळी दुकानात गेलो तर बाबांच्या हातात ती फाटलेली बाटली होती. ते काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. बोटाने तो पांढरा डाग दाखवला आणि म्हणाले, "हे पायलं होतं ना तू?"

"हो."

"मंग काहून भरली हवा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "जुना टायर असला त मी आधी पाण्यात बुडवून पायतो. तुमच्या पुस्तकात नसते का असं काही?"

असतं. हायड्रोस्टॅटिक टेस्ट असतं त्याचं नाव. भांडं पाण्याने काठोकाठ भरायचं आणि मग दाब द्यायचा. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. भांडं फुटलं तरी नुसतं चिरतं, बॉम्ब होत नाही. हवा मात्र स्प्रिंगसारखी दाबून बसलेली असते. मी हे परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं. भावाच्या डोळ्यासमोर बाटली ठेवताना ते आठवलं नाही.

तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बाबा, माझा एक विषय राहिलाय. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

बाबांनी बाटली खाली ठेवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. एक गिऱ्हाईक आलं, त्याच्या चाकात हवा भरून दिली. मग म्हणाले, "विषय निघते. पन डाग दिसला त सांगाचं. तिथंच फुटते." पुढे म्हणाले, "आता आईले तू सांग. मी नाई सांगनार." आईला सांगितलं. त्याचं वर्णन इथे करत नाही. दोन दिवस मला जेवायला मिळालं, पण कुणी वाढलं नाही, एवढंच समजा.

तिसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले, "अर्धवट काहून सोडता? पन आता माह्यासमोर करा."

माझी पहिली रचना अशी होती की दोन बाटल्यांमध्ये नुसती नळी. हवा खालून वर जाईल, हे बरोबर. पण खालची बाटली रिकामी होताच वरची हवा आणि पाणी त्याच नळीने खाली येईल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाबा हसले. "अरे, चाकात हवा भरून पंप काढला त हवा वापस येते का?" त्यांनी सायकलच्या ट्यूबचा वॉल काढला, खालच्या बाटलीच्या बुडात भोक पाडून रबरी वायसर लावून तो उलटा बसवला. हवा वर जाईल, परत येणार नाही. इंजिनियरिंगची अडीच वर्षं एका बाजूला आणि ती छोटी रबरी नळी एका बाजूला.

वरची बाटली योग्य वेळी सोडायचं काम सिरींजने केलं. दहा मिलीच्या दोन सिरींज सलाइनच्या नळीने खालच्या बाटलीला जोडल्या. खाली साठ पौंड दाब असला की एकेका दट्ट्यावर सुमारे सात किलोचा जोर येतो आणि तो कडं वर ढकलून धरतो. दाब उतरला की ट्यूबचे कापलेले रबर कडं खाली खेचतात, टाय सुटतात, वरची बाटली मोकळी. हवा भरेपर्यंत कडं अडकवून ठेवायला सायकलचा स्पोक. तो लांबून दोरीने ओढायचा.

प्रत्येक बाटली आधी पाण्याने भरून ऐंशी पौंडांवर तपासली. दोन चिरल्या. चिरल्या तेव्हा नुसतं पाणी सांडलं आणि भाऊ माझ्याकडे बघून काहीच बोलला नाही. हवा भरताना सगळे दुकानाच्या भिंतीआड, दहा मीटर लांब.

पहिलं उड्डाण: रबर जास्त झाले, स्पोक ओढताच वरची बाटली एकटीच निघून गेली, खालची जागेवरच. दुसरं: रबर कमी पडले, दोन्ही बाटल्या जोडीने वर गेल्या आणि उलट्या झाल्यावर वरची सुटली. ती सरळ शेजारच्या काकांच्या पुंजण्यात घुसली. काका धावत आले, "माहा धान जाळता का रे?" भाऊ म्हणाला, "काका, त्याच्यात पानीच हाय." काकांना हे अजून पटलेलं नाही. भाऊ हिरमुसला तेव्हा मी त्याला सांगितलं की आपल्या देशाचं एसएलव्ही-3 सुद्धा 10 ऑगस्ट 1979 ला समुद्रात पडलं होतं आणि 18 जुलै 1980 ला त्याच रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. तो म्हणाला, "आपल्याले वरीस नोको लागाले."

वर्ष नाही लागलं. तिसऱ्या वेळी एका बाजूचा एक रबर काढून दुसऱ्या बाजूला लावला. फस्स, आणि लगेच वर दुसरं फस्स. खालची बाटली गिरक्या घेत बांधीत पडली, वरची जातच राहिली. कोन 55 अंश. उंची 71 मीटर. कागदावर त्सिओल्कोव्स्कीच्या 1903 च्या समीकरणाने एका टप्प्याला सेकंदाला 45 मीटर वेग येत होता, दोन टप्प्यांना 55. एवढ्या खटाटोपाला फक्त दहाचा फायदा! दक्षिण आफ्रिकेत केपटाउन विद्यापीठाच्या मुलांनी 2015 साली एकाच टप्प्याचं पाण्याचं रॉकेट 830 मीटर नेलं. आमचं त्याच्या दहाव्या भागालाही पोचलं नाही. पण त्या दिवशी हे मला कुणी सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

सगळे वर बघत होते तेव्हा बाबा मात्र खालच्या बाटलीकडे गेले. उचलली, उजेडात धरून डाग आहे का बघितलं, वॉल फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हिले काई झालं नाई. अजून चालते."

हिवाळी परीक्षेत माझा बॅक निघाला. मार्क विचारू नका. भावाच्या भुवईवर बारीक पांढरी रेघ राहिली आहे. तो ती शाळेत मिरवतो, मी बघायचं टाळतो.

तेव्हा ज्युनियर मित्रांनो, करायचंच असेल तर मोकळ्या बांधीत करा, ग्लू गन लांब ठेवा, बाटली आधी पाण्याने तपासा, आणि हवा भरताना कुणालाही वाकून बघू देऊ नका. आणि कुठे पांढरा डाग दिसलाच, बाटलीवर किंवा मार्कशीटवर, तर त्याच दिवशी घरी फोन करा. फोन जड वाटतो, मान्य आहे. पण साठ पौंडांपेक्षा हलकाच असतो.