मेंदी घ्यावी ती पारखून

मेंदीचा रंग मुळात काळा नसतोच. आमच्या यवतमाळच्या बाजारात हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. मागच्या हरतालिकेला जाऊबाईंच्या मुलीने तासाभरात काळाकुळकुळीत रंग देणारा कोन लावला. तिसऱ्या दिवशी नक्षीच्या रेघारेघांवर फोड! अशा कोनात केसांच्या कलपातले पीपीडी नावाचे रसायन मिसळलेले असते. डॉक्टर म्हणाले, आता हिने जन्मात कलप लावायचा नाही. पोर अवघी एकोणीस वर्षांची!

तेव्हापासून घरात सुटी पूडच येते. राजस्थानातल्या सोजतची मेंदी नावाजलेली, २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण नुसत्या नावावर जाऊ नका बरं! हातासाठी पूड वस्त्रगाळ हवी, वास वाळल्या पाल्याचा. चिमूटभर पाण्यात टाकून बघा. पाणी लगेच हिरवेगार झाले, तर वरून रंग घातलाय समजा. चार-पाच तास भिजवलेल्या मेंदीचा ठिपका तळहातावर ठेवा. धुतल्यावर नारिंगी दिसतो, एक-दोन दिवसांत गडद होतो.

केसांना जरा जाडसर पूडही चालते, तिथे पैसे वाचवा. पांढरे केस तांबूस होतील, काळे नव्हेत. आमच्याकडे ‘हे’ हसतात. हसोत बापडे!