थंडीचा जमाखर्च

ग्वाल्हेरच्या लष्करात राहणारे आमचे आप्त फोपनारच्या थंडीची मनसोक्त थट्टा करतात. त्यांच्याकडे पौषात दुपारपर्यंत धुके हटत नाही. तेव्हा तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्या आणि मे महिन्यात होरपळून निघणाऱ्या माणसांनी थंडीच्या गोष्टी सांगाव्यात, हे त्यांना रुचत नाही. पण वाचकहो, थंडी ही केवळ पाऱ्यावर मोजण्याची गोष्ट नव्हे. जे घर उन्हाळ्याच्या भयाने बांधलेले असते, त्यात पारा दहा अंशांवर उतरला तरी दात वाजू लागतात. आणि ज्या घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई दम्याने बेजार होऊन पहाटे उठून बसते, तेथे तर हा विषय थट्टेचा राहत नाही.

माझे चिरंजीव पुण्यास नोकरीला आहेत. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात ते आजीसाठी खोली तापवणारा हीटर घेऊन आले. हेतू उत्तमच होता. हीटर दोन हजार वॅटचा. म्हणजे तासाला दोन युनिटे. रोज तीन तास लावला तर महिन्याची 180 युनिटे झाली. मी मराठीचा एम. ए. असलो तरी एवढे गणित मला येते! आपल्या मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेखाली, ज्या घराचा वापर महिन्याला 150 युनिटांच्या आत राहतो, त्याला पहिली 100 युनिटे 100 रुपयांत मिळतात. आमचा वापर सव्वाशेच्या आसपास. हीटर लावताच तो तीनशेच्या घरात जाणार. म्हणजे जास्तीच्या विजेचे पैसे तर द्यायचेच, शिवाय आजवर मिळत आलेली सवलतही त्या महिन्यापुरती हातची जाणार. हिशेब केला तेव्हा महिन्याला दीड हजारांहून अधिक भर पडत होती. आईसाठी तेवढे खर्चायला माझी ना नव्हती. पण चार रात्री हीटर लावूनही खोली म्हणावी तशी तापेना, हे खरे दुखणे होते.

त्याचे कारण डोक्यावर होते. आईची खोली आम्ही मागाहून वाढवलेली, वर पत्रा. निरभ्र रात्री पत्रा आपली सारी ऊब आकाशाला देऊन टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. पहाटे त्याच्या आतल्या अंगाला बाष्प जमून अंथरुणावर टपटप थेंब पडत. दाराखाली दोन बोटांची फट. अशा खोलीत हीटर लावणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे.

या बाबतीत आमच्या गावचा केळी-बागाईतदार आम्हां नोकरदारांहून शहाणा आहे. केळीला थंडी मुळीच सोसत नाही. कडाका वाढला की पाने पिवळी पडून करपतात, घड नीट भरत नाहीत. आमच्याकडे त्याला 'चरका' म्हणतात. बऱ्हाणपूर जिल्ह्याचे सारे अर्थकारण ज्या पिकावर उभे आहे, त्याच्यावरच हा घाला. मग शेतकरी काय करतो? बागेच्या कडेने शेवरीची किंवा गजराज गवताची दाट भिंत उभी करून उत्तरेचा वारा अडवतो. घडावर पिशवी चढवतो. रात्री विहिरीचे कोमट पाणी सोडतो. बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतो तो अगदी वाईट रात्री, आणि तोही सर्वांत शेवटी. आधी वारा, मग पांघरूण, मग पाणी आणि अखेरीस आग, हा त्याचा क्रम. आपण मात्र थंडी पडताच थेट आगीपासून सुरुवात करतो.

तोच क्रम आम्ही आईच्या खोलीत लावला. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधले आणि त्यांवर जुनी लुगडी पसरली. मधल्या कोंडलेल्या हवेने पत्र्याचा गारवा बराच अडवला. थेंब पडणे तर थांबलेच. दाराच्या फटीला चिंध्यांची लांब गुंडाळी लावली. वरचा झरोका मात्र उघडाच ठेवला, कारण दमेकऱ्याला मोकळी हवा हवी. खाट बाहेरच्या भिंतीपासून हात-दीड हात आत ओढली.

आणि मग गोधडी. आई सुताच्या खाटेवर एक पातळ सतरंजी टाकून वर तीन-तीन पांघरुणे घेत असे. खाटेखालून खेळणारा वारा पाठीला गारठवतो, याकडे कोणाचे लक्ष नसते. आम्ही वर्तमानपत्रांचे जाड थर घालून त्यांवर एक गोधडी खाली अंथरली आणि वर एकच रजई ठेवली. तीही पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेतलेली. कापसाला स्वतःची उष्णता नसते. तो आपल्या तंतूंत हवा कोंडून धरतो आणि ती हवा आपल्याच अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. वापरून वापरून कापसाचे गठ्ठे बनले की हवा निघून जाते, रजई जड होते पण उबदार राहत नाही. नवी रजई घेण्याआधी पिंजाऱ्याला विचारावे. आताशा पिंजारी हुडकावा लागतो, ही गोष्ट निराळी. रात्री पायांशी गरम पाण्याची रबरी पिशवी, डोक्याला लोकरी टोपी, झाले.

"अरे, ऊब मला पाहिजे, भिंतींना नको," असे आई पहिल्याच रात्री म्हणाली होती. जपानी माणसाने हेच कोटात्सूत साधले आहे: बुटके मेज, त्यावर दुलई, खाली बेताची उष्णता आणि भोवती बसलेले सारे कुटुंब. खोली गार असली तरी माणसे उबदार. आमचा हीटर आता पडून नसतो. आई पहाटे उठली की तिच्या पायांपासून दोन हातांवर पंधरा मिनिटे लावतो. अर्ध्या युनिटात काम भागते.

एका गोष्टीवर मात्र मी घरात अडून बसलो. आईला कोळशाची शेगडी खोलीत हवी होती. तिच्या माहेरच्या धाब्याच्या घरात ती असे. मातीच्या हातभर जाड भिंती दिवसभर ऊन पीत आणि रात्री सावकाश परत देत, हे अगदी खरे. (तीच घरे पावसाळ्यात गळत आणि विंचवांना आसरा देत, हे आई सोयीस्करपणे विसरते.) पण आजच्या बंद खोलीत निखारे ठेवून निजणे म्हणजे मृत्यूला उशाशी घेणे होय. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्त तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. निजलेला माणूस जागा होतच नाही. दर हिवाळ्यात अशी बातमी कोठून ना कोठून येतेच. तेव्हा आमची शेगडी अंगणात, आणि आई ऊन चढल्यावर तिच्याजवळ.

स्नानाच्या पाण्याचे म्हणाल, तर बादशहाला बऱ्हाणपूरच्या किल्ल्यात हमामखाना लागत असे. आम्हांला तांब्याचा बंब पुरतो. पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतातूनच येतात.

शाळेत हा सारा हिशेब अपुरा पडतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कलतो. आमच्या अक्षांशावर भर दुपारीही तो सुमारे पंचेचाळीस अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या ओसरीत ऊन आतपर्यंत येते. पहिले दोन तास मी लहान वर्ग तेथेच भरवतो. फळा उचलून आणावा लागतो एवढेच. पण ऊन दहा वाजता मिळते, आणि मुले रात्रभर गारठलेली असतात. गेल्या वर्षी दुसरीतल्या एका मुलीला विचारले, "रात्री काय पांघरतेस?" ती म्हणाली, "आमची गोधडी एकच आहे गुरुजी. मी मधी झोपते, म्हणून मला थंडी नाही वाजत. कडेला दादा असतो."

तिचा दादा पाचवीत आहे. या वर्षी आमच्या शिक्षिकांनी घरोघरची जुनी लुगडी आणि धोतरे मागून आणली आहेत. मधल्या सुट्टीत ओसरीवर गोधड्या शिवणे चालू आहे. सहा पुऱ्या झाल्या. संक्रांतीच्या आत आणखी अकरा व्हायच्या आहेत. त्यांतल्या दोन आईने शिवायला घेतल्या आहेत. सुईत दोरा मात्र मला ओवून द्यावा लागतो.