पुरेसे पाहणे

पिस्तुलाच्या नेमबाजीचा विषय निघाला म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बहुधा कोल्हापूरच्या राही सरनोबत उभ्या राहतात, आणि ते यथायोग्यच आहे. कारण २०१८ साली जकार्ता-पालेम्बांग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात त्यांनी सुवर्णपदक मिळविले, तेव्हा एकाच हाताने पिस्तूल पेलून निश्चल उभे राहण्याची ती विद्या कितीतरी घरांत प्रथमच निरखून पाहिली गेली. त्या प्रकाराचे दोन भाग असतात. पहिल्यात दर पाच गोळ्यांना पाच मिनिटांचा अवधी मिळतो आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५ सेंटीमीटर व्यासाचे असते. दुसऱ्यात प्रत्येक गोळीसाठी लक्ष्य केवळ ३ सेकंद दर्शन देते, खाली झुकविलेला हात त्याच अवधीत वर उचलावा लागतो, आणि म्हणून ते वर्तुळ १० सेंटीमीटरांचे केलेले असते. वेळ आखडली त्या मानाने लक्ष्य मोठे झाले. त्वरा आणि काटेकोरपणा यांच्यामधला तह नियमकर्त्यांनीच आधी मुक्रर करून ठेवला. मी ज्या कलेविषयी लिहिणार आहे तिच्यात हा तह कोणीही करून देत नाही. तो नेमबाजाला प्रत्येक लक्ष्यापुढे, धावता धावता, स्वतःच्या जबाबदारीवर करावा लागतो, आणि माझ्या मते त्या कलेचे सारे मर्म तेथेच आहे.

या कलेला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात आणि तिचा जन्म अमेरिकेतला. कॅलिफोर्नियात बिग बेअर येथे जेफ कूपर यांच्या पुढाकाराने १९५०च्या दशकात पिस्तूल झटकन काढून झाडण्याच्या शर्यती सुरू झाल्या; त्यांत बहुतेक मंडळी हात कमरेशी ठेवून, डोळ्यांना विशेष तसदी न देता, निव्वळ अंदाजाने गोळ्या झाडीत. तेथे जॅक वीव्हर नावाच्या लॉस एंजलीस परगण्यातील एका शेरीफच्या शिपायाने दोन्ही हातांनी शस्त्र धरून, ते डोळ्यांच्या रेषेत आणून, नेम पाहून गोळी झाडण्याचा परिपाठ ठेवला, आणि घाई करणाऱ्यांपेक्षा पाहणारा जिंकू लागला. हा प्रसंग मला आजही या कलेचा आद्य सिद्धान्त वाटतो. पुढे १९७६ साली मिझुरी संस्थानातील कोलंबिया या गावी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि अचूकता, शक्ती व वेग या तीन गुणांची लॅटिन त्रयी तिचे ब्रीद ठरली. माझे वास्तव्य नोकरीच्या निमित्ताने ॲरिझोनात आहे. रॉब लेदम आणि ब्रायन इनॉस हे दोघे नेमबाज याच प्रदेशातील मेसा गावचे, आणि १९८०च्या दशकात दोन्ही बाहू समान पुढे करून उभे राहण्याची जी ढब त्यांनी रूढ केली, तीच आज जगभर चालते. वाळवंटातील मातीच्या बांधांमध्ये, निवडुंगांच्या साक्षीने, उन्हाळ्यात सूर्य चढण्यापूर्वी आटोपाव्या लागणाऱ्या स्पर्धांत मी ही विद्या शिकलो.

येथे एकाच जागी उभे राहणे नाही. तपकिरी पुठ्ठ्याची लक्ष्ये कोठे तीन मीटरांवर तर कोठे पंचवीस मीटरांवर असतात. काही भिंतींच्या आड, काही हलती, काही पांढऱ्या लक्ष्यांनी अर्धी झाकलेली, आणि त्या पांढऱ्यावर गोळी लागली तर दहा गुणांचा दंड. पुठ्ठ्याच्या मधोमध सुमारे १५ सेंटीमीटर रुंद व २८ सेंटीमीटर उंच असा ‘ए’ विभाग असतो; त्यात लागलेल्या गोळीला ५ गुण, बाहेरच्या ‘सी’ विभागात सौम्य शक्तीच्या काडतुसाला ३, आणि कडेच्या ‘डी’त १. लक्ष्य चुकले तर ते गुण तर गेलेच, वर दहा वजा. मिळालेल्या एकंदर गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागावयाचे, आणि जो भागाकार येतो त्याला हिट फॅक्टर म्हणावयाचे. हाच या खेळाचा जमाखर्च.

या भागाकाराचा तपशील नीट ध्यानात घेतल्याखेरीज पुढचे काहीच उमगत नाही, म्हणून कूपर यांनीच रचलेल्या एका प्रसिद्ध कसोटीचे उदाहरण घेतो. तीन लक्ष्यांकडे पाठ करून उभे राहावयाचे. इशारा होताच वळून पिस्तूल काढावयाचे, प्रत्येकावर दोन गोळ्या झाडून मॅगझिन बदलावयाचे आणि पुन्हा प्रत्येकावर दोन. बारा गोळ्या, साठ गुण. साऱ्या ‘ए’ विभागात ठेवून सहा सेकंद लागले तर भागाकार १० येतो. दुसऱ्याने तीन गोळ्या ‘सी’त जाऊ दिल्या, पण काम पाच सेकंदांत आटोपले, तर चोपन्नास पाचाने भागून १०.८ येतात आणि तो पुढे जातो. तिसऱ्यानेही पाचच सेकंद घेतले, त्याच्या अकरा गोळ्या निर्दोष लागल्या, पण एक पुठ्ठ्याबाहेर गेली, तर पंचेचाळीस भागिले पाच, म्हणजे ९. तो सर्वांच्या मागे राहतो. जेथे भागाकार दहाच्या घरात असतो तेथे एका ‘सी’ची किंमत सेकंदाचा पाचवा हिस्सा; जेथे लक्ष्ये दूरची व चाल लांबची असल्यामुळे तो चाराच्या घरात येतो, तेथे त्याच ‘सी’ची किंमत अर्धा सेकंद होते, आणि एक चूक पावणेचार सेकंदांना पडते. तीच गोळी, तेच भोक. पण जागा बदलली की मोल बदलले. ज्याला हा हिशेब समजत नाही तो सर्वत्र सारखाच वेगवान किंवा सर्वत्र सारखाच सावध असतो, आणि दोन्ही प्रकारची मंडळी मी क्रमवारीच्या मधल्या फळीत वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. वखारीतले जळण सोनाराच्या काट्यावर तोलू नये आणि सोने वखारीच्या काट्यावर तोलू नये, इतकाच हा विवेक आहे. मात्र येथे काटा निवडण्यास सेकंदाचा एक अल्पांश मिळतो.

पुरेसे म्हणजे किती, हे भूमितीच सांगते. साधारण पिस्तुलावर नेम धरण्याची पुढची साइट आणि मागची खाच यांच्यामध्ये सुमारे १६ सेंटीमीटरांचे अंतर असते. पुढची साइट खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर तीन मीटरांवर गोळी दोन सेंटीमीटरही ढळत नाही; पंचवीस मीटरांवर मात्र तीच गोळी पंधरा सेंटीमीटरांहून अधिक ढळते आणि ‘ए’ विभाग सोडून जाते. म्हणून जवळच्या लक्ष्यावर पुठ्ठ्याच्या तपकिरी रंगावर पिस्तुलाची काळी आकृती दिसली, साइटचा रंगीत बिंदू खाचेत कोठेतरी चमकला, की गोळी सोडण्यास डोळ्याची परवानगी मिळाली असे समजावे. मध्यम अंतरावर तो बिंदू खाचेत स्थिर व्हावा. आणि दूरच्या अर्ध्या झाकलेल्या लक्ष्यावर साइटची वरची कड धारेसारखी स्पष्ट दिसावी, तिच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या सारख्या फटी असाव्यात, आणि त्या तशाच राहतील अशा बेताने चाप दाबला जावा. इनॉस यांनी १९९०च्या आपल्या ग्रंथात दृष्टीच्या या विविध अवस्थांचा जो सूक्ष्म विचार केला, त्यामुळे तो ग्रंथ आम्हा लोकांत आजही वाचला जातो. दूरच्या लक्ष्यावर जवळच्याइतकेच पाहणारा चुकतो हे सर्वांस दिसते. परंतु जवळच्या लक्ष्यावर दूरच्याइतके पाहणाराही तितकाच नुकसानीत असतो हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याच्या पुठ्ठ्यावरील भोके सुंदर दिसतात.

या पाहण्याचा परमोत्कर्ष म्हणजे गोळी सुटली त्या क्षणी साइट नेमकी कोठे होती हे दिसणे. धक्क्याने ती वर उसळू लागण्यापूर्वीचा तो निमिष ज्याच्या डोळ्यांत ठसतो, त्याला भोक शोधण्यासाठी पुठ्ठ्याकडे पाहावे लागत नाही. गोळी ‘सी’त गेली हे त्याला आधीच ठाऊक असते, आणि आणखी एक झाडावी की पुढे निघावे याचा निर्णय पाऊल उचलण्याच्या आत झालेला असतो. पापणी मिटणाऱ्याला हे ज्ञान होत नाही. आवाजाला न बिचकता डोळे उघडे ठेवणे ही सवय केवळ मनोनिग्रहाने येत नसून, भरपूर आणि शांत सरावाने हळूहळू अंगी मुरते.

डोळ्याने परवानगी दिल्यावर ती हातांनी बिघडवू नये, हे मुठीचे आणि चापाचे काम. उजवा हात मुठीवर शक्य तितका उंच, डावा तळवा उरलेल्या मोकळ्या जागेत घट्ट बसलेला, दोन्ही अंगठे लक्ष्याच्या दिशेने, मनगटे पक्की, कोपरे किंचित सैल. पकडीचा मुख्य जोर डाव्या हाताचा असावा. कारण उजव्या हाताने करकचून धरले की त्याची तर्जनीही आखडते आणि चाप ओढताना साऱ्या पंजाची हालचाल होते. उसळी दाबून टाकण्याचा यत्न करू नये. पकड दोन्ही बाजूंनी समतोल असली म्हणजे नळी उसळून आपण होऊन मूळ जागी उतरते. लेदम यांच्या शिकवणीत एक गोष्ट वारंवार येते: नेम कितीही उत्तम असो, चाप दाबताना पिस्तूल हलले तर तो नेम व्यर्थ होय. एका लक्ष्याकडून दुसऱ्याकडे जाताना आधी डोळे जावेत आणि पिस्तूल त्यांच्या मागोमाग यावे. खांदे आधी फिरविले की नळी लक्ष्य ओलांडून जाते आणि परत आणण्यात वेळ खर्ची पडतो.

साहित्याविषयी नवीन मंडळी सर्वांत अधिक विचारतात. काडतुसाची शक्ती मोजण्याची रीत अशी की, गोळीचे वजन ग्रेनमध्ये आणि वेग सेकंदाला फुटांत घेऊन गुणाकार करावा व हजाराने भागावे. सौम्य वर्गासाठी तो आकडा किमान १२५ लागतो, आणि स्पर्धेत यंत्रावर तो कमी भरला तर गुणांचा हिशेबच होत नाही. ११५ ग्रेनची गोळी ११५० फुटांच्या वेगाने आणि १४७ ग्रेनची ९०० फुटांच्या वेगाने, दोहोंचा गुणाकार जवळजवळ सारखाच, १३२ येतो. तथापि हलक्या गोळीला अधिक दारू लागते, त्या दारूचा वायू हाताला तीक्ष्ण झटका देतो, तर जड गोळीचा धक्का संथ असतो. मला जड गोळी मानवते. स्लाइडखालची कमान अति कडक असली तर स्लाइड मिटताना नळीचे तोंड खाली बुचकळते, म्हणून ती काडतुसाच्या बेताने निवडावी. होल्स्टर चाप झाकणारे आणि पट्ट्यावर न डगमगणारे असावे, एवढे पुरे.

मात्र लोखंडी साइटऐवजी बसविल्या जाणाऱ्या काचेतील लाल बिंदूविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. तो अलीकडे सर्वत्र झाला असून जुन्या जाणत्यांपैकी कित्येकांचे मत असे की नवशिक्याने आधी लोखंडी साइटवर हात बसवावा. माझे मत उलट आहे. बिंदूमुळे दृष्टी लक्ष्यावरच राहू शकते हा लाभ खराच. परंतु त्याहून मोठा लाभ असा की तो चापाचा प्रत्येक दोष निर्विवादपणे दाखवितो. बोट तिरके ओढले गेले तर बिंदू डावीकडे झेप घेतो, आणि मालकाला ते तत्काळ दिसते. त्याचा धोका एवढाच की हाताचा स्वाभाविक कंप त्यात ठळक दिसतो आणि बिंदू अगदी स्तब्ध होईपर्यंत वाट पाहण्याचा मोह होतो. तीन मीटरांवर ‘ए’ विभागाच्या आत थरथरणारा बिंदू पुरेसाच असतो.

एका बाबतीत मात्र पुरेसे हा शब्द मी मान्य करीत नाही, ती बाब सुरक्षिततेची. येथे हत्यार रेंज ऑफिसरच्या हुकुमाशिवाय होल्स्टरमधून निघत नाही आणि हुकुमाशिवाय भरले जात नाही; हालचाल करताना, मॅगझिन बदलताना, अडकलेले काडतूस काढताना तर्जनी चापाच्या कडीबाहेर असावी लागते; नळीचे तोंड मागच्या बाजूस वळले, गोळी अनवधानाने सुटली किंवा भरलेले हत्यार हातून निसटले, तर त्या नेमबाजाची स्पर्धा तेथल्या तेथे संपते. यात दया नाही, आणि ती नसावी. धावत्या माणसाच्या हातात भरलेले पिस्तूल असताना शेकडो माणसे त्याच मैदानात निर्धास्त वावरतात, ती केवळ या नियमांच्या अंमलबजावणीमुळेच.

भारतात या खेळातले नेहमीचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल निषिद्ध बोअरात मोडते, त्यामुळे तिकडच्या तरुणांना हा खेळ सहजी करता येत नाही. तरी इकडे स्थायिक झालेली मराठी मुले-मुली कधीकधी माझ्याकडे चौकशी करतात. त्यांना मी आधी रिकाम्या पिस्तुलाचा घरगुती सराव सांगतो, ज्या खोलीत सराव त्या खोलीत एकही जिवंत काडतूस असता कामा नये या अटीवर: भिंतीवरच्या लहानशा खुणेवर साइट न हलविता चाप दाबणे, दिवसाकाठी थोडे, पण रोज. नंतर मैदानावर तीन लक्ष्ये लावतो, एक तीन मीटरांवर, एक दहावर, एक पंचवीसवर, आणि प्रत्येकावर दोन गोळ्या झाडून पुठ्ठ्याकडे न जाता सहाही गोळ्या कोणत्या विभागात लागल्या ते सांगावयास लावतो. आरंभी जवळच्या दोन बरोबर सांगितल्या जातात, मधल्यांविषयी संशय राहतो, आणि दूरच्या दोन ठाऊक नसतात. त्या सहाही अचूक सांगता येऊ लागल्या म्हणजे मग मी टायमर बाहेर काढतो.