मोजायचं कधी, थांबायचं कधी

१९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर या शास्त्रज्ञानं चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओलहरींवरून टिपून दाखवला. ते यंत्र पाठीवर बांधावं लागे आणि त्याचं वजन होतं साधारण ३८ किलो. आज ठोके मोजणारं मनगटी घड्याळ काही ग्रॅमांत मावतं. याचं श्रेय चिपला दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण अंगावर घालायची उपकरणं रचणाऱ्यांचा बहुतेक वेळ जातो तो विजेच्या हिशेबात. माझ्या मते या क्षेत्रातलं खरं कसब मोजण्यात कमी आणि कधी मोजायचं नाही हे ठरवण्यात जास्त आहे.

घड्याळ काढून उलटं धरलं की हिरवा दिवा दिसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांमध्ये रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश किंचित घटतो आणि शेजारचा फोटोडायोड हा चढउतार टिपतो. डोळ्यांना तो दिवा बऱ्याचदा सलग पेटल्यासारखा वाटतो. ऑसिलोस्कोपवर मात्र लांबलचक सपाट रेषा दिसते आणि मधूनमधून सुईसारखे सुळके. बहुतेक काळ दिवा विझलेलाच असतो.

हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. सीआर-२०३२ हा दुकानात सहज मिळणारा बटण सेल साधारण २२० मिलिअँपिअर-तास वीज साठवतो. एलईडीला २० मिलिअँपिअर लागत असतील आणि तो सतत पेटता ठेवला, तर सेल ११ तासांत संपेल. तोच एलईडी सेकंदाला २५ वेळा आणि दर वेळी सेकंदाच्या फक्त दहा हजाराव्या भागापुरता पेटवला, तर सरासरी खर्च चारशेपटीनं उतरतो. निव्वळ दिव्यापुरतं बोलायचं तर ११ तासांचे सहा महिने होतात. प्रत्यक्षात इतकं सरळ जमत नाही. बटण सेलला असा अचानक झटका सोसत नाही, व्होल्टेज खाली बसतं. म्हणून शेजारी कपॅसिटर बसवून झटक्याचा भार त्याच्यावर टाकावा लागतो. शिवाय प्रोसेसर, मोटर, पडदा आणि रेडिओ आपापला वाटा मागतातच.

रेडिओ तर फारच खादाड. ईसीजीचे सेकंदाला २५० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, असे जसेच्या तसे फोनकडे पाठवले तर दिवसाला चार कोटींहून अधिक बाइट होतात. ठोके मनगटावरच मोजून मिनिटाला एक आकडा पाठवला, तर १,४४० बाइटांत काम भागतं. मात्र फेकून दिलेली लहर पुन्हा मिळत नाही. उद्या डॉक्टरांनी ‘त्या क्षणी नेमकं काय झालं ते दाखवा’ असं म्हटलं, तर दाखवायला हातात फक्त आकडा उरतो. म्हणून शंकास्पद तुकडे तेवढे जपून ठेवणारी रचना मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

अशा रचनेचं एक चांगलं उदाहरण ॲपल हार्ट स्टडीत दिसलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या या अभ्यासात चार लाखांहून अधिक लोक सहभागी होते. निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. हात स्थिर असेल तेव्हाच घड्याळ ठोक्यांमधली अंतरं टिपत असे. लय विस्कळीत वाटली की तपासणी वाढे, आणि पहिली धरून सहापैकी पाच नोंदी तशाच आल्या तरच सूचना जाई. अशी सूचना जेमतेम ०.५२ टक्के लोकांना मिळाली. त्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या लयीतला दोष, सापडलं. हा दोष येतो-जातो, त्यामुळे पट्टी लावलेल्या दिवसांत तो न दिसणंही शक्य असतं. हात हलत असताना लहर बिघडतेच. अशा वेळी दिवा पेटवणं म्हणजे वीजही वाया आणि नोंदही खोटी.

वीज वाचवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे कमी काम मागणं. बेंगळुरूच्या बेम्पू कंपनीनं कमी वजनाच्या नवजात बाळांसाठी केलेलं मनगटी कडं मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. त्याला पडदा नाही, फोन लागत नाही, चार्जिंग नाही. बाळाचं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसखाली घसरलं की ते आवाज करतं. एरवी लहानसा दिवा लुकलुकून सारं ठीक असल्याचं सांगतो. साधारण चार आठवडे ते चालतं, आणि घरी आल्यावरचे हेच आठवडे अशा बाळासाठी नाजूक असतात. तापमान ठोक्यासारखं क्षणोक्षणी बदलत नाही, त्यामुळे उपकरणाला बराच काळ निवांत राहता येतं. आवाज ऐकून आईनं काय करायचं, हेही ठरलेलं आहे: बाळाला उघड्या छातीशी घ्यायचं, म्हणजेच कांगारू मदर केअर. टाइम नियतकालिकानं २०१७च्या उत्तम शोधांच्या यादीत या कड्याला स्थान दिलं. इशारा ऐकणारी व्यक्ती शेजारीच आहे, हे ओळखल्यामुळे रेडिओचा सगळा खर्च इथे वाचला.

आता आपल्याकडच्या वापरणाऱ्यांचा थेट संबंध असलेला मुद्दा. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं आणि हिरवा प्रकाश तर जास्तच. सावळ्या मनगटावर तेवढीच स्पष्ट लहर मिळवायची, तर एलईडीचा प्रवाह वाढवावा लागतो. चांगली घड्याळं तो आपोआप वाढवतात, पण मग बॅटरी लवकर उतरते. खोक्यावरचे ‘सात दिवस’ गोऱ्या मनगटावर मोजलेले असतील, तर शेतात राबून रापलेल्या हाताला ते लागू पडतीलच असं नाही. बॅटरीचा आकडा राखण्यासाठी दिवा मंदच ठेवला, तर मोजमाप घसरतं.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरनं हा धोका दाखवून दिला आहे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४मध्ये मांडलेल्या तत्त्वावर तो चालतो. त्यात लाल आणि अवरक्त प्रकाश वापरतात. २०२०च्या डिसेंबरमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं, की रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असूनही ऑक्सिमीटर ‘ठीक’ म्हणत असल्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. ऐन कोविडच्या काळात, याच आकड्याकडे बघून लोक खाट शोधत होते, तेव्हाचा हा अहवाल. त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जानेवारी २०२५च्या मसुद्यात वैद्यकीय ऑक्सिमीटरच्या चाचण्यांसाठी त्वचेच्या विविध छटांचे लोक पुरेशा संख्येनं घेण्याचा आग्रह धरला. मनगटी उपकरणांच्या चाचणीतही हेच हवं, आणि प्रत्येक छटेच्या नोंदीसमोर त्या वेळी एलईडीनं किती मिलिअँपिअर खाल्ले याचा रकानाही हवा.