नांव आणि ठिकाण

मनुष्य नांवानें ओळखतो, संगणक अंकांनीं. संकेतस्थळाचें नांव आपण टंकितों, तेव्हां त्याचा अंकी पत्ता कोणी तरी यंत्रास सांगावा लागतो. हें काम डीएनएस सर्व्हर करतो. पण तो बंद पडेपर्यंत त्याची आठवण कोणास होत नाहीं.

आमच्या घरीं विंडोज ७ चा एक जुना संगणक आहे. एके दिवशीं त्यावर एकही संकेतस्थळ उघडेना. नातवानें यंत्र मोडींत काढण्याचा ठराव मांडला. परंतु अंकी पत्ता दिला असतां पलीकडून उत्तर येई. नांव दिलें कीं मौन! अर्थात् रस्ता शाबूत होता, वाटाड्या तेवढा हरवला होता. आम्हीं कंट्रोल पॅनेलमधून जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्यें 'इंटरनेट प्रोटोकॉल आवृत्ति ४' उघडली. डीएनएसच्या रकान्यांत कोणा दुरुस्तीवाल्यानें पूर्वीं भरलेला, आतां निकामी झालेला पत्ता होता. तो काढून पत्ता आपोआप मिळविण्याचा पर्याय निवडतांच नांवें पुन्हां ओळख देऊं लागलीं.

प्रारंभीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत सर्व यंत्रांची एकच यादी ठेवीत व इतर तिची नक्कल घेत. यंत्रें वाढतांच ती पुरेना. म्हणून १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं हें काम अनेकांत वांटून देणारी डीएनएस ही व्यवस्था आंखली. जुन्या यादीची वंशज 'होस्ट्स' ही फाईल मात्र विंडोजमध्यें अद्याप आहे. बाहेर विचारण्यापूर्वीं यंत्र तिचाच आधार घेतें. म्हणून तीही तपासावी.

मुका वाटाड्या एक वेळ परवडेल. लबाड वाटाड्या घात करतो. नोव्हेंबर २०११ मध्यें अमेरिकेंत उघडकीस आलेल्या 'डीएनएसचेंजर' प्रकरणांत शंभरांहून अधिक देशांतील सुमारें ४० लाख संगणकांतील हीच नोंद गुपचूप बदललेली आढळली. नांव बिनचूक टंकूनही माणसें भलत्याच दारीं पोंचत.

शब्द आणि अर्थ यांचा संबंध मीमांसक नित्य मानतात. नैयायिक तो संकेतानें ठरलेला मानतात. संगणकापुरतें नैयायिकांचेंच खरें. म्हणून संकेत सांगणारा कोण, हें घरांतील एकास तरी ठाऊक असावें. विंडोज ७ ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजीं संपली. तेव्हां तसल्या यंत्रावर वाचन खुशाल करावें, बँकेचा व्यवहार मात्र करूं नये.