तंबोरी

तंबोरा वाजवायला शिकण्यासाठी कोणी शिकवणी लाविल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पेटी, तबला, सतार यांचे वर्ग कोल्हापुरात गल्लोगल्ली सापडतील. परंतु चार तारा एकामागून एक छेडावयाच्या, यात शिकण्याजोगे ते काय, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. मैफलीतही तंबोरेवाल्याची जागा गवयाच्या पाठीमागे, आणि टाळ्यांच्या वेळी त्याच्याकडे कोणी पाहत नाही. असे असूनही गाण्यात जन्म घालविलेली माणसे सांगतात की, तंबोरा वाजविणे हे दोन दिवसांचे काम असले, तरी तो लावणे हे आयुष्यभराचे काम आहे. या म्हणण्यात किती तथ्य आहे हे मला एका लहानशा तंबोरीने दाखविले.

माझी पुतणी २०१८ साली गाणे शिकू लागली, तेव्हा घरात दोन पक्ष पडले. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की, हल्ली भ्रमणध्वनीत तंबोरा फुकट मिळतो, तो कधी उतरत नाही, त्याला जागा लागत नाही, आणि तार तुटण्याची भीती नाही. तिच्या गाण्याच्या बाईंनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तो उतरत नाही, हीच त्याची अडचण आहे. तुम्ही तिला तंबोरी घेऊन द्या." बाईंच्या या वाक्याचा अर्थ त्या वेळी आम्हा कोणालाच नीटसा उमगला नाही, तथापि गुरूच्या शब्दाला मान द्यावा म्हणून आम्ही मिरजेस जावयाचे ठरविले.

आम्ही राहतो शिरोलीस, औद्योगिक वसाहतीला लागून. येथे ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथची घरघर यांचाच अखंड षड्ज चालू असतो. परंतु सांगली फाट्यावरून वळले की पन्नास किलोमीटरांच्या आत मिरज येते, आणि तंतुवाद्यांच्या बाबतीत मिरजेइतके नाव महाराष्ट्रात दुसऱ्या गावाचे नाही. तेथील या धंद्याचा उगम मोठा मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नावाच्या कारागिराने पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तेथे तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. हे घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांचे. तलवारींचे दिवस सरले, आणि पात्यावरून फिरणारा हात तारेखालच्या घोडीवरून फिरू लागला. पुढे त्यांचे आडनावच सतारमेकर झाले. अब्दुल करीमखाँसाहेबांनी मिरजेस आपले घर केले, १९३७ साली ते निवर्तल्यावर तेथील दर्ग्याच्या आवारातच त्यांना चिरविश्रांती मिळाली, आणि दर वर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते, हे वाचकांस ठाऊकच असेल. खाँसाहेब स्वतः तंबोऱ्याची जवारी लावण्यात वाकबगार होते, हे मात्र तितकेसे सर्वश्रुत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले.

तंबोरी ही तंबोऱ्याची धाकटी बहीण. उंची सुमारे तीन फूट; लहान मुलांच्या आणि स्त्रियांच्या उंच पट्टीस ती सोयीची, आणि गाडीतून नेण्यासही सुटसुटीत. निवड करताना आम्ही साहजिकच नक्षीकडे पाहत होतो. कारागीर हसून म्हणाला, "साहेब, नक्षी डोळ्यांसाठी आहे. आधी डोळे मिटा." मग त्याने एकेक तंबोरी छेडून दाखविली. तार छेडल्यावर नाद किती वेळ तरंगत राहतो, म्हणजे तिची आस किती, हे ऐकावयाचे. दांडी सरळ आहे की नाही हे एका टोकाकडून डोळा लावून पाहावयाचे. खुंटी फिरविली की ती जागी राहते का, तबलीचे लाकूड चिरा नसलेले आणि सरळ रेषांचे आहे का, भोपळ्याला कोठे किडीचे भोक वा सांधा आहे का, हे एकेक तपासावयाचे. हा भोपळा खाण्याचा नव्हे. तो कडू आणि जाड सालीचा असतो आणि पंढरपूरच्या बाजूने येतो. ज्या भूमीतून विठ्ठलाच्या नावाचा गजर उठतो, तिनेच त्या गजराला साथ करणाऱ्या वाद्याचे पोटही पुरवावे, हा योगायोग मला फार आवडला.

वाद्याचे पोट मनुष्य आपल्या आसपासच्या वस्तूंतूनच घडवितो, असे दिसते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने बोलिव्हियाहून येताना चारांगो नावाचे वाद्य आणले होते. अँडीज पर्वतातील हे तंतुवाद्य हातभर लांबीचे. त्याला दहा तारा, त्या दोन-दोनांच्या पाच जोड्यांत बांधलेल्या. पूर्वी त्याची पाठ आर्माडिलो या कवचधारी प्राण्याच्या कवचाची करीत. आता ती बहुधा लाकडाची असते. तेथील डोंगरात कवच, आमच्या भीमाकाठी भोपळा! जोडीतील दोन तारा एकमेकींशी तंतोतंत मिळविताना त्या विद्यार्थ्याची जी त्रेधा उडाली, ती पाहून आमच्या पुतणीला आपल्या जोडीच्या तारा आठवल्या आणि तिने त्याला मोठ्या वडीलकीने धीर दिला.

तंबोरीच्या चार तारांपैकी मधल्या दोन जोडीच्या. त्या पोलादी, आणि दोन्ही गाणाराच्या षड्जात. शेवटची पितळेची खर्जाची. पहिली पंचमाची, मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागाला ती मध्यमात उतरवावी लागते. आधी जोड लावावी, मग खर्ज, मग पंचम. खुंटीने तार जवळपास आणावी, आणि उरलेले अंतर घोडीखालचा मणी हळूच सरकवून भरून काढावे. इतके झाले म्हणजे तंबोरी सुरात आली. परंतु ती बोलू लागते ती जवारीने. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकविलेला असतो. धागा योग्य जागी आला की तार घोडीला निसटता स्पर्श करीत कंप पावते आणि तिच्यातून नादाचा पिसारा फुलतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या वाद्यांवरील निबंधात या घोडीचे वैशिष्ट्य दाखविले आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी, तो ज्यांचा स्थिर बिंदू आहे असे उपस्वर तिच्यातून निघू नयेत, असा युरोपातील शास्त्रज्ञांचा नियम. तंबोऱ्याची तार तो बेधडक मोडते आणि तेच उपस्वर खणखणीत ऐकविते.

या उपस्वरांतच तो प्रसिद्ध स्वयंभू गांधार असतो. कोणत्याही खुंटीला बांधलेला नसताना तो खर्जाच्या तारेतून वर उमटतो. मात्र चारही तारा खऱ्या लागल्या आणि जवारी खुली असली, तरच कानाला गवसतो. माझ्या पुतणीला तो वर्षभर ऐकू आला नव्हता. बाई विचारीत, "आला का गं?" आणि ती प्रामाणिकपणे मान हलवी.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढले आणि तो कित्येक दिवस बंद राहिला. आमचे घर उंचावर असल्याने बचावले. परंतु वीज गेली, आणि तिच्यामागोमाग घरातील सर्व भ्रमणध्वनीही मुके झाले. दमट हवेने तंबोरीच्या खुंट्या फुगून घट्ट बसल्या, आणि आधीच गंजलेली पंचमाची तार एका सकाळी तुटली. मिरजेची वाट पाण्याखाली. तेव्हा त्या अकरा वर्षांच्या मुलीने कारागिराने दिलेल्या पुडीतील नवी तार काढली, खुंटी जराजराशी हलवून मोकळी केली, आणि तार चढवून ती लावीत बसली. नवी तार ताणली जाऊन पुनःपुन्हा उतरे. ती पुनःपुन्हा चढवी. दोन तास हे चालले होते. कारखाने बंद, महामार्गावर एक वाहन नाही. शिरोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एकाएकी ती थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काका, गांधार." मी कान देऊन ऐकले. मलाही तो आला, असे मला वाटते. परंतु तिच्या चेहऱ्यावरची खात्री माझ्यापाशी नव्हती.

बाईंच्या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला. यंत्रातला षड्ज अढळ असतो. म्हणून त्याच्याकडे लक्ष देण्याचे कारणच उरत नाही. तंबोरी उतरते, आणि ती उतरली हे ओळखता ओळखताच कान तयार होतो. यंत्राची मी निंदा करीत नाही. प्रवासात, वसतिगृहाच्या खोलीत त्याचा उपयोग मोठाच आहे. फक्त जे कष्ट ते वाचविते, त्या कष्टांतच अर्धे शिक्षण होते, इतकेच माझे म्हणणे.

तंबोरी सांभाळण्यास फार ज्ञान लागत नाही, नित्यनेम लागतो. वाजविल्यावर तारा कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात. तिला गवसणी घालून ठेवावी. उन्हात नको, आणि पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला टेकवून तर मुळीच नको. उन्हाळ्यात खुंटी सरकू लागली तर तिला थोडा खडू लावावा. प्रवासात तारा किंचित उतरवाव्यात, आणि भोपळ्याला धक्का लागू देऊ नये. तो फुटला तर सांधता येतो, पण पहिल्यासारखा होत नाही. तारांच्या घर्षणाने घोडीवर बारीक चरे पडतात आणि आवाज बसतो. तेव्हा ती जवारीसाठी कारागिराकडे न्यावी.

आमच्या शेजारी ओतकामाचा एक लहान कारखाना आहे. त्याच्या मालकांनी एकदा मला विचारले, "सर, ही घोडी यंत्रावर का घासत नाहीत? आम्ही केसाच्या अंशापर्यंत माप देतो." मी त्यांना उलट विचारले की, ओतलेला नग आतून तडकला आहे की नाही हे तुम्ही कसे पाहता? ते हसले. त्यांचा जुना कामगार नगावर हातोडी मारून तो कसा वाजतो ते ऐकतो, आणि बद्द वाजलेला नग बाजूला काढतो. म्हणजे शिरोलीतही शेवटचा न्यायाधीश कानच आहे.

पुढे एकदा जवारी लावताना मी मिरजेच्या त्या कारागिराला विचारले, "धंदा कसा चालला आहे?" तो म्हणाला, "काम आहे, साहेब. पण जवारी उतरली हे ज्याला कळत नाही, तो ती लावायला येणार कशाला?" त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मानांकनाचा कागद वाद्याचे नाव राखील. घोडीवर फिरणारी कानस राखावयाची तर घराघरांत ऐकणारे कान हवेत. त्याचा मुलगा आमच्याच वसाहतीत एका कारखान्यात लेथवर काम करतो, हेही त्याच वेळी समजले.

मागच्या खेपेस आम्ही गेलो तो सुटीचा दिवस होता. कानस मुलाच्या हातात होती. बाप बाजूला डोळे मिटून बसला होता आणि प्रत्येक वेळी तार छेडली की एवढेच म्हणत होता, "अजून. अजून थोडं." एका क्षणी तो काही बोलला नाही. मुलाने कानस खाली ठेविली आणि तंबोरी माझ्या पुतणीच्या हाती दिली.